ओढ वेगळी, गोडी वेगळी

उंदराच्या जिभेवर साखरपाण्याचा थेंब पडला की तो जीभ बाहेर काढून ओठ चाटतो. थेंब कडू असेल तर तोंड वासतो, डोकं झटकतो. तान्ह्या बाळाचंही जवळपास असंच होतं. मिशिगन विद्यापीठातले केंट बेरिज या हालचाली बारकाईने मोजत असत, कारण ‘कसं लागलं?’ हे उंदराला विचारायची दुसरी सोय नाही.

डोपामिन म्हणजे सुखाचं रसायन, असं त्या काळी बरेच शास्त्रज्ञ धरून चालले होते. बेरिज आणि सहकाऱ्यांनी काही उंदरांच्या मेंदूतले डोपामिन पुरवणारे तंतू जवळजवळ पूर्ण नष्ट केले. या उंदरांनी खाणंपिणंच सोडलं. समोर अन्न असूनही तोंड लावेनात; नळीने भरवलं नसतं तर उपाशी मेले असते. डोपामिन गेलं तर सुखही गेलं असणार, तेव्हा आता यांना गोडाचंही काही वाटणार नाही, अशी अटकळ होती. पण तोंडात साखरपाणी सोडताच उंदरांनी पहिल्यासारखेच ओठ चाटले. १९८९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गोड त्यांना गोडच लागत होतं. ते मिळवायला चार पावलं चालावीत, ही इच्छा तेवढी संपली होती.

पुढे २००३ मध्ये याची उलट बाजूही तपासून झाली. जनुकीय बदलामुळे मेंदूत डोपामिन जास्त राहणारे उंदीर गोडाकडे सरळ धाव घेत, वाटेत फारसे रेंगाळत नसत. चाखल्यावर मात्र त्यांचे चेहरे इतरांपेक्षा जास्त खुलले नाहीत.

म्हणजे एखादी गोष्ट हवीहवीशी वाटायला लावणारी यंत्रणा निराळी आणि ती मिळाल्यावर गोडी देणारी निराळी. ओढीचं जाळं मेंदूत ऐसपैस पसरलेलं आहे. गोडी वाढवणारे बिंदू मात्र चिमुकले. उंदराच्या मेंदूतला असा एक बिंदू जेमतेम घन मिलिमीटरभर भरतो आणि तो डोपामिनवर नाही, तर मेंदूतच तयार होणाऱ्या अफूसदृश रसायनांवर चालतो. ओढ लागणं सोपं आणि गोडी मिळणं दुर्मीळ, अशीच ही रचना दिसते. वस्तूंच्या बाबतीत आपली एवढी फसगत का होते, याचं निम्मं उत्तर मला तरी यात दिसतं.

उरलेलं निम्मं माकडांकडून मिळतं. वोल्फ्राम शुल्त्स स्वित्झर्लंडमधल्या फ्रिबूर्ग विद्यापीठात माकडांच्या मेंदूतल्या एकेका डोपामिन पेशीचे संकेत टिपत होते. अचानक फळांच्या रसाचा थेंब मिळाला की पेशी जोरात उद्दीपित होई. मग रसाच्या आधी दरवेळी एक खूण दाखवायला सुरुवात केली. माकडाला सवय झाल्यावर पेशी खूण दिसताच उद्दीपित होऊ लागली आणि प्रत्यक्ष रस आला तेव्हा ढिम्म! रस चुकवला, तर तो यायच्या नेमक्या क्षणी ती गप्प होई. अपेक्षा आणि पदरात पडलेलं यांतला फरक ही पेशी सांगते. अपेक्षेइतकंच मिळालं तर तिच्यापाशी सांगण्यासारखं काही नसतं.

माकडावरून माणसावर थेट उडी मारू नये, हे खरं. पण ऑर्डर दिलेला फोन ‘आज पोहोचेल’ असा निरोप आल्यावर जी धाकधूक होते, ती पंधरवड्यानंतर तोच फोन खिशातून काढताना होत नाही, हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही. वस्तू रोज तशीच असते. मेंदू तिचा अंदाज पुरता बांधून मोकळा होतो.

सवयीच्या या खेळाला मानसशास्त्रात सुखाची ट्रेडमिल म्हणतात: कितीही धावा, जागा तीच. फिलिप ब्रिकमन यांनी १९७८ साली सहकाऱ्यांसह केलेला अभ्यास यासाठी हटकून सांगितला जातो. त्यात लॉटरी लागलेली २२ माणसं होती, तितकीच सर्वसाधारण माणसं होती आणि अपघाताने पक्षाघात झालेली २९ होती. लॉटरीवाले इतरांपेक्षा फारसे सुखी निघाले नाहीत, उलट रोजच्या लहानसहान गोष्टींतली त्यांची मजा थोडी उणावलेली होती. मात्र अपघातग्रस्तही तितकेच सुखी होते, असं जे सर्रास पसरवलं जातं ते चूक आहे. ते स्पष्टपणे कमी सुखी होते, फक्त लोकांना वाटतं तितके दुःखी नव्हते.

शिवाय २२ माणसांवर किती भार टाकायचा? स्वीडनमधल्या लॉटरी विजेत्यांवरचा बराच मोठा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. मोठी रक्कम मिळालेल्यांचं आयुष्याबद्दलचं समाधान वाढलं आणि ते दहा वर्षांनंतरही टिकून होतं. रोजच्या आनंदावरचा परिणाम त्यामानाने किरकोळ होता. तेव्हा ‘पैशात सुख नाही’ हे वाक्य विज्ञानाच्या तोंडी घालू नये. उद्याची चिंता मिटणं ही फार मोठी गोष्ट आहे, आणि ज्यांची ती मिटलेली नाही त्यांना अल्पसंतुष्टतेचे धडे देणं मला क्रूरपणाचं वाटतं. सवय सगळ्यालाच होते असंही नाही. जर्मनीतल्या दीर्घकालीन नोंदींत दिसलं, की नोकरी गेलेल्यांचं समाधान पुन्हा नोकरी लागल्यावरही पूर्णपणे पूर्वपदावर येत नाही.

मग गोडी टिकते कशात? वस्तूंपेक्षा अनुभवांवर केलेला खर्च जास्त समाधान देतो, असं व्हॅन बोव्हन आणि गिलोविच यांनी २००३ मध्ये दाखवलं. ही विभागणी मला जरा ढोबळ वाटते. तंबोरा वस्तू की अनुभव? भिंतीला टेकवून ठेवला तर वस्तू. रोज जुळवायला घेतला तर तारा रोज नव्याने छळतात. वस्तू की अनुभव यापेक्षा, जिचा अंदाज पुरता बांधता येत नाही अशी गोष्ट जवळ असणं महत्त्वाचं असावं. माणसं या कसोटीला सहज उतरतात.

माणसांबद्दलचा एक साधा प्रयोग २००८ चा आहे. एलिझाबेथ डन आणि सहकाऱ्यांनी कॅनडात काही जणांना सकाळी ५ किंवा २० डॉलर दिले. निम्म्यांनी ते संध्याकाळपर्यंत स्वतःवर खर्च करायचे, निम्म्यांनी दुसऱ्या कुणावर. संध्याकाळी दुसऱ्यांवर खर्च करणारे जास्त खूश होते. रक्कम ५ की २०, याने फरक पडला नाही. वेगळ्या गटाला आधी अंदाज विचारला, तेव्हा बहुतेकांनी नेमकं उलट सांगितलं होतं.

हातातल्या वस्तूचीही गोडी परत आणता येते, आणि तीही फुकटात. एका प्रयोगात काहींना आठवडाभर चॉकलेट वर्ज्य करायला लावलं, काहींना हवं तितकं खायला सांगितलं, उरलेल्यांना काहीच सूचना नव्हती. आठवड्याने सगळ्यांना एकेक तुकडा दिला, तेव्हा वर्ज्य केलेल्यांनी तो सर्वांत चवीने खाल्ला. मसाजबद्दलही असंच दिसलं: मध्ये थोडा खंड पडला तर तो सलग मसाजपेक्षा अधिक सुखाचा वाटतो. आधी विचारलं तर मात्र लोक सलगच हवा म्हणतात.