उसासे मोजणारी माणसं

‘एमआरआय तर नॉर्मल आलाय, मग हा कण्हतो कशाला? नाटकं सगळी!’ वर्षानुवर्षं कंबरदुखी सोसणाऱ्याच्या पाठीमागे हे हमखास बोललं जातं. गंमत म्हणजे एमआरआयचा आणि दुखण्याचा मेळ तसाही फारसा बसत नाही. ज्यांची कंबर दुखतच नाही अशा विशीतल्या माणसांपैकीही सुमारे ३७ टक्क्यांच्या मणक्यांमधल्या चकत्या झिजलेल्या दिसतात. ऐंशीच्या घरात हे प्रमाण ९६ टक्के.

वेदना दुसऱ्याला दिसत नाही, दिसतं ते वागणं. मग तेच मोजूया, असं १९८२ मध्ये कीफ आणि ब्लॉक या मानसशास्त्रज्ञांनी ठरवलं. रुग्णाने दहा मिनिटं बसायचं, उभं राहायचं, चालायचं, आडवं व्हायचं. सगळं कॅमेऱ्यात टिपायचं. निरीक्षकाने २० सेकंद बघायचं, १० सेकंदांत नोंदवायचं. पाहायच्या गोष्टी पाचच: अवघडून हालचाल, ताठ हाताचा किंवा पायाचा टेकू, दुखरी जागा चोळणं, चेहरा वेडावाकडा होणं आणि उसासा. उसासासुद्धा कसाही चालत नाही, श्वास ठळकपणे सोडलेला दिसायला हवा, आणि बहुधा खांदेही आधी वर जाऊन मग खाली येतात!

मला आवडतो तो यापुढचा हिशेब. दहा मिनिटांचे २० तुकडे. समजा, एका निरीक्षकाला तिसऱ्या आणि अकराव्या तुकड्यात उसासा दिसला, दुसऱ्याला सातव्या आणि पंधराव्यात. उरलेल्या १६ तुकड्यांत दोघांचीही पाटी कोरी, म्हणजे ८० टक्के एकमत! प्रत्यक्षात एकाही उसाशावर त्यांचं जमलेलं नाही. दोघांनी डोळे मिटून दोन-दोन खुणा केल्या असत्या, तरी सरासरी ८२ टक्के जुळलं असतं (०.९×०.९ + ०.१×०.१). हा योगायोगाचा वाटा वजा करून जे उरतं, त्याला योगायोगापलीकडे शक्य असलेल्या एकमताने (इथे १८ टक्के) भागलं की मिळतो तो ‘कप्पा’. इथे तो शून्याच्याही खाली, उणे ०.११. ‘आमचं ॲप चेहऱ्यावरून वेदना ओळखतं, अचूकता अमुक टक्के’ अशी जाहिरात दिसली की आधी कप्पा विचारावा.

या खुणांवरून खोटारडे मात्र पकडता येत नाहीत, कारण वेदना किती दाखवली जाते हे कोण बघतंय यावरही ठरतं. १९८०च्या एका प्रयोगात रुग्णांना कधी सांगितलं, काचेपलीकडून जोडीदार बघतोय, कधी सांगितलं, वॉर्डातला कारकून. ज्यांचा जोडीदार फार काळजी घेणारा, त्यांनी तो बघत असताना वेदना जास्त सांगितली. ज्यांच्या जोडीदाराला त्याचं फारसं काही नव्हतं, त्यांनी कारकुनापुढे.