प्रायमरी मतपत्रिकेवरील कौल-प्रश्न

अमेरिकेतील काही राज्यांत राजकीय पक्ष आपल्या प्रायमरी निवडणुकीच्या मतपत्रिकेवर उमेदवारांच्या नावांबरोबर धोरणविषयक प्रश्नही छापतात आणि त्यांवर मतदारांचा ‘होय’ किंवा ‘नाही’ असा कौल घेतात. या कौलाने कायदा होत नाही, असलेला कायदा रद्दही होत नाही. सरकार, विधिमंडळ, एवढेच काय, प्रश्न विचारणारा पक्षही निकालाने बांधला जात नाही. टेक्सस, जॉर्जिया आणि साउथ कॅरोलायना या दक्षिणेकडील तीन राज्यांत ही प्रथा विशेष रुजली आहे.

प्रायमरी म्हणजे मुख्य निवडणुकीआधी पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठी होणारे मतदान. भारतात उमेदवारी पक्षश्रेष्ठी ठरवतात, त्यामुळे ही कल्पना आपल्याला परकी वाटते. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेसने वर्धा, लातूर अशा मोजक्या मतदारसंघांत पक्षांतर्गत मतदान घेऊन उमेदवार निवडले होते, पण तिथे मत देणारे पक्षाचे पदाधिकारी आणि कार्यकर्तेच होते. अमेरिकेतील प्रायमरीत सामान्य मतदार भाग घेतो. वरील तिन्ही राज्यांत तर मतदार नोंदणी करताना पक्ष सांगावा लागत नाही. मतदानाच्या दिवशी कोणत्या पक्षाची मतपत्रिका हवी ते सांगितले की झाले.

या तीन राज्यांत ही प्रथा का वाढली, याचे एक कारण त्यांच्या कायद्यात सापडते. कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत नागरिक सह्या गोळा करून एखादा कायदाच थेट मतदानाला लावू शकतात. टेक्सस, जॉर्जिया आणि साउथ कॅरोलायनात राज्यपातळीवर ही सोय नाही. लोकांपुढे कोणता विषय ठेवायचा हे तिथे विधिमंडळ ठरवते. ज्या विषयाला आमदार हात लावायला तयार नाहीत, तो मतपत्रिकेवर आणण्यासाठी पक्षाची प्रायमरी ही एक वाट उरते. मागणीमागे लोक आहेत हे तिथे आकड्यांनी दाखवता येते, यापुढे मात्र ती वाट जात नाही.

टेक्ससमध्ये रिपब्लिकन पक्षाचे प्रश्न पक्षाची राज्य कार्यकारी समिती ठरावाने पक्के करते. राज्य सिनेटच्या ३१ मतदारसंघांतून प्रत्येकी एक पुरुष आणि एक स्त्री, शिवाय अध्यक्ष आणि उपाध्यक्ष, अशी ही समिती असते. सह्यांच्या अर्जाने प्रश्न मतपत्रिकेवर आणण्याची तरतूद कायद्यात आहे, पण आजकालचे बहुतेक प्रश्न समितीतूनच येतात. प्रायमरी पक्षाची असली तरी तिच्या खर्चाचा मोठा भाग सरकारी तिजोरीतून भागतो. मतदान केंद्रे, यंत्रे आणि मतमोजणी या गोष्टी एरवीच्या निवडणुकीसारख्याच असतात. त्यामुळे एका पक्षाने आपल्या समर्थकांना विचारलेल्या प्रश्नाला सरकारी जनमत चाचणीचे रूप येते, आणि इथेच मतदाराची फसगत होण्याची जागा आहे.

ही फसगत कशी होते ते टेक्ससमधल्या दोन मतपत्रिका शेजारी ठेवल्या की कळते. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्यघटना दुरुस्तीचे १४ प्रस्ताव मतदारांपुढे होते आणि त्यांचा निकाल बंधनकारक होता. त्यांतील चौथ्या प्रस्तावाने राहत्या घराच्या किमतीतील शाळा-करातून वगळली जाणारी रक्कम १ लाख डॉलरपर्यंत वाढली. न्यायाधीशांचे निवृत्तीचे वय वाढवण्याचा तेरावा प्रस्ताव तेवढा पडला. चार महिन्यांनी, ५ मार्च २०२४ रोजी, रिपब्लिकन प्रायमरीच्या मतपत्रिकेवर पुन्हा ‘प्रस्ताव’ आले. या वेळी ते १३ होते आणि त्यांनाही तसेच क्रमांक होते. पहिल्याच प्रस्तावात टेक्ससकरांवरील एकूण करभार न वाढवता मालमत्ता कर पूर्णपणे रद्द करावा असे म्हटले होते. त्यावर कितीही मते पडली तरी कोणाच्या कराच्या बिलातून एक सेंटही कमी होणार नव्हता. राष्ट्राध्यक्षपदापासून गावपातळीवरील पक्षपदापर्यंतची लांबलचक यादी संपवून मतदार शेवटी या प्रश्नांशी पोचतो. तिथे नोव्हेंबरचे प्रस्ताव खरे आणि मार्चचे नुसते विचारण्यापुरते, हा फरक त्याच्या ध्यानात राहील असे धरून चालणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे. निकालाला कायद्याचे बळ नाही, ही गोष्ट प्रत्येक प्रश्नाच्या डोक्यावर ठळक अक्षरांत छापली गेली पाहिजे.

प्रश्नांची भाषा हा वादाचा दुसरा मुद्दा. करभार न वाढवता कर रद्द करावा का, या प्रश्नाला ‘नाही’ कोण म्हणेल? शाळा, रस्ते, अग्निशमन यांचा पैसा मग कुठून येणार, हे प्रश्नात येतच नाही. प्रश्न लिहिणारा, विचारणारा आणि उत्तर देणारा असे तिघेही एकाच पक्षाच्या गोटातले असल्यामुळे बहुतेक प्रस्ताव मोठ्या बहुमताने मंजूर होतात. शिवाय उत्तर देणारे किती, हेही पाहावे लागते. मार्च २०२४ च्या रिपब्लिकन प्रायमरीत सुमारे २३ लाख लोकांनी मतदान केले, तर राज्यातील नोंदणीकृत मतदार सुमारे १ कोटी ७९ लाख होते. म्हणजे आठांतल्या जेमतेम एका मतदाराच्या उत्तरावरून ‘टेक्ससची इच्छा’ सांगितली जाते. तसे सांगणाऱ्याला हा हिशेब विचारला पाहिजे.

एवढे असूनही हे कौल निष्फळ ठरतात असे नाही. प्रश्न कोण विचारतो यापेक्षा उत्तर कोणाला ऐकावे लागते, यावर त्यांचे वजन ठरते. ज्या पक्षाच्या हातात विधिमंडळ आहे, त्या पक्षाच्या आमदारांना पुढची प्रायमरी याच मतदारांपुढे लढवायची असते. २०२२ च्या टेक्सस रिपब्लिकन मतपत्रिकेवरील सहावा प्रस्ताव थेट त्यांनाच उद्देशून होता: रिपब्लिकन बहुमत असलेल्या विधिमंडळाने समित्यांची अध्यक्षपदे डेमोक्रॅट सदस्यांना देणे थांबवावे. जानेवारी २०२५ मध्ये प्रतिनिधिगृहाने नियम बदलून ही पदे बहुमतातील पक्षापुरती राखली. शिक्षणाचा सरकारी पैसा मुलामागे खासगी शाळेतही जावा, हा २०२४ च्या अकराव्या प्रस्तावातील विषय ३ मे २०२५ रोजी राज्यपाल ग्रेग ॲबट यांच्या सहीने कायद्यात आला. चीन, इराण, उत्तर कोरिया आणि रशिया यांच्याशी संबंधितांना जमीन विकण्यावर बंदी घालावी हा तेरावा प्रस्ताव होता. तसा कायदाही २०२५ मध्ये झाला. या तिन्ही गोष्टींमागे राज्यपालांचा जोर, पैसा आणि आमदारांच्या पराभवाची भीती अशी बरीच कारणे होती. केवळ कौलामुळे त्या घडल्या असे म्हणता येणार नाही, पण विरोध करू पाहणाऱ्या आमदारापुढे ठेवायला एक आकडा तयार होता.

साउथ कॅरोलायनात उलट बाजू दिसते. जून २०१८ च्या प्रायमरीत तिथल्या डेमोक्रॅटिक पक्षाने डॉक्टरांच्या सल्ल्याने गांजा औषध म्हणून वापरू द्यावा का, आणि मेडिकेड या गरिबांसाठीच्या आरोग्य योजनेच्या विस्तारासाठी केंद्राचा निधी घ्यावा का, असे दोन प्रश्न विचारले. दोन्हींना भरघोस होकार मिळाला. विधिमंडळ मात्र रिपब्लिकनांच्या हाती होते आणि त्यांच्यापैकी कोणाची जागा या मतदारांवर अवलंबून नव्हती. मेडिकेडचा विस्तार झाला नाही. त्याच दिवशी रिपब्लिकन मतपत्रिकेवर नोंदणीच्या वेळी पक्ष निवडण्याची मुभा असावी का, असा प्रश्न होता आणि सुमारे ८२ टक्के मतदारांनी ‘होय’ म्हटले. त्यानंतरही तिथली प्रायमरी कोणत्याही मतदाराला खुलीच राहिली.

नेत्यांना नको असलेला प्रश्न मतदारांपुढे येतो, तेव्हा या प्रथेचा सर्वांत चांगला उपयोग होतो. जॉर्जियातील ३१ जुलै २०१२ चा कौल याचे ठळक उदाहरण आहे. तिथे लॉबिस्टांनी, म्हणजे कंपन्या किंवा गटांच्या वतीने आमदारांचे मन वळवणाऱ्या मध्यस्थांनी, आमदारांना द्यायच्या भेटींवर कोणतीही कमाल मर्यादा नव्हती. खर्च जाहीर केला की पुरे, असा नियम होता. प्रतिनिधिगृहाचे सभापती डेव्हिड राल्स्टन यांच्या कुटुंबासह झालेल्या युरोप दौऱ्याचा सुमारे १७ हजार डॉलरचा खर्च लॉबिस्टांनी केल्याचे उघड झाल्यावर लोकांत संताप होता, तरी सभापतींचा मर्यादेला विरोधच होता. रिपब्लिकन मतपत्रिकेवर भेटींना १०० डॉलरची मर्यादा घालावी का, असा प्रश्न आला आणि सुमारे ८७ टक्के मतदारांनी होकार दिला. डेमोक्रॅटिक मतपत्रिकेवरही भेटींचाच प्रश्न होता आणि तिथेही होकार मोठा होता. दोन्ही पक्षांचे मतदार एकाच बाजूला उभे आहेत हे दिसल्यावर आमदारांना पळवाट उरली नाही. २०१३ मध्ये विधिमंडळाने ७५ डॉलरची मर्यादा घालणारा कायदा केला आणि १ जानेवारी २०१४ पासून तो लागू झाला.

या प्रथेचा इतिहास नेहमी इतका उजळ नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये ब्राऊन खटल्यात शाळांमधील वर्णभेद घटनाबाह्य ठरवला. त्यानंतर जुलै १९५६ मध्ये टेक्ससच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत वर्णभेदाच्या बाजूने तीन प्रश्न आले: मिश्र शाळेत जाण्याच्या सक्तीतून मुलांना सूट असावी का, गोऱ्या-काळ्यांच्या विवाहांविरुद्धचे कायदे अधिक कडक करावेत का, आणि केंद्राच्या हस्तक्षेपाविरुद्ध राज्याने आडवे उभे राहावे का. त्या काळी टेक्ससमध्ये डेमोक्रॅटिक प्रायमरी जिंकली की निवडणूक जिंकल्यासारखेच होते. मतदानासाठी भराव्या लागणाऱ्या करामुळे अनेक गरीब, विशेषतः कृष्णवर्णीय, नागरिक मतदानापासून दूरच राहत. तिन्ही प्रश्न प्रचंड बहुमताने मंजूर झाले. १९५७ मध्ये विधिमंडळाने कायदा केला की, स्थानिक मतदानाशिवाय शाळा मिश्र करणाऱ्या जिल्ह्याचे राज्य अनुदान थांबेल. ज्यांच्या मुलांच्या शिक्षणाचा हा प्रश्न होता त्यांपैकी कितीतरी जणांना उत्तर देण्याची संधीच नव्हती. मूलभूत हक्कांवर असा कौल घेणेच चुकीचे होते.

साउथ कॅरोलायनातील झेंड्याचा वाद जास्त लांबला. राज्य विधानभवनाच्या घुमटावर गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या कॉन्फेडरेट सैन्याचा झेंडा फडकत असे. ऑगस्ट १९९४ च्या रिपब्लिकन प्रायमरीत तो ठेवावा का असे विचारले गेले आणि सुमारे तीन-चतुर्थांश मतदारांनी ‘ठेवावा’ म्हटले. त्याच वर्षी राज्यपाल झालेल्या डेव्हिड बीझली यांनी प्रचारात झेंडा न हलवण्याचे वचन दिले होते. १९९६ मध्ये त्यांनी मत बदलले आणि झेंडा घुमटावरून काढून सैनिकांच्या स्मारकाजवळ लावावा असा प्रस्ताव मांडला. कायद्याने त्यांना कोणी अडवले नव्हते, पण स्वपक्षाने पाठ फिरवली, प्रस्ताव बारगळला आणि १९९८ ची निवडणूक ते हरले. त्या पराभवात लॉटरी आणि व्हिडिओ पोकर या यंत्रांवरील जुगाराच्या वादाचाही मोठा वाटा होता. १ जुलै २००० रोजी झेंडा घुमटावरून उतरवून स्मारकापाशी लावण्यात आला. २००३ मध्ये बीझली यांना त्यांच्या भूमिकेसाठी जॉन एफ. केनेडी ग्रंथालयाच्या प्रतिष्ठानाचा धैर्य पुरस्कार मिळाला. जून २०१५ मध्ये चार्ल्सटनच्या चर्चमध्ये एका गोऱ्या वर्णद्वेष्ट्याने नऊ कृष्णवर्णीयांची हत्या केली आणि त्यानंतर १० जुलै २०१५ रोजी हा झेंडा विधानभवनाच्या आवारातून हटवण्यात आला.