बॉम्बमधलं घड्याळ पुन्हा चालवताना

दुसऱ्या महायुद्धात जर्मन विमानं जे बॉम्ब टाकायची त्यातले बहुतेक फ्यूज (म्हणजे बॉम्ब कधी फोडायचा ते ठरवणारं यंत्र) इलेक्ट्रिक होते, म्हणजे बॉम्ब विमानातून सुटताना फ्यूजमधल्या कपॅसिटरला (वीज साठवणारा भाग) चार्ज मिळायचा आणि पुढचं सगळं त्या चार्जवर चालायचं. राइनमेटाल कंपनीतल्या हर्बर्ट र्‍यूलेमान या इंजिनिअरचं हे डोकं, आणि त्या काळाच्या मानाने खरंच भारी होतं. पण ब्रिटिश बॉम्ब डिस्पोजलवाल्यांना रडवलं ते 17 नंबरच्या फ्यूजने, ज्याच्या आत चक्क घड्याळ होतं. वीज फक्त ते घड्याळ सुरू करून द्यायची, नंतर काही तास ते साधारण 72 तास ते आपलं टिकटिक करत बसायचं. तेवढा वेळ रस्ता बंद, कारखाना बंद, रेल्वे बंद! न फुटलेला बॉम्ब फुसका आहे की वेळेची वाट बघतोय हे बाहेरून कळायचंच नाही, त्यामुळे एकेका बॉम्बने न फुटताच अख्खा परिसर रिकामा व्हायचा.

आता ह्या फ्यूजमधली घड्याळं काही संग्राहक आणि म्युझियमवाले साफ करून परत चालवतात. यात सगळ्यात आधीची गोष्ट म्हणजे तो फ्यूज खरंच निकामी आहे ना, हे. मागचा डेटोनेटर काढलाय एवढं पुरत नाही, आत छोटा इग्नायटरही असतो आणि तो 80 वर्षांनी शहाणा होत नाही. हे तपासायचं काम बॉम्ब डिस्पोजलच्या माणसाचं, घड्याळजीचं नाही, आणि जमिनीतून निघालेल्या वस्तूला तर हातही लावायचा नाही, सरळ पोलीस. निकामी केल्याचे कागद असले तरी अडकलेली रिंग सोडवायला गरम वगैरे करायचं नाही, गंज सोडवणारं तेल टाकायचं आणि धीर धरायचा, मग त्यात आठवडे गेले तरी चालतील.

फ्यूजची बॉडी अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची, वरच्या चकतीवर वर्तुळात नंबर ठोकलेला. तो नंबर जर्मनांच्या स्वतःच्या माणसांच्या सोयीसाठी, पण खड्ड्यात उतरलेल्या ब्रिटिश सॅपरलाही (बॉम्ब निकामी करणाऱ्या सैनिकालाही) तोच वाचून कळायचं की समोर काय आहे. ओल लागली असेल तर अ‍ॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरलेली असते, आणि जिथे स्टील त्याला चिकटून असतं तिथे जास्तच, कारण दोन वेगळे धातू आणि खारट ओल एकत्र आले की छोटी बॅटरीच तयार होते आणि त्यात अ‍ॅल्युमिनियम झिजतं. आतली पितळी चाकं मात्र बऱ्याचदा बरी निघतात. खरा त्रास स्टीलच्या बारीक दांड्यांचा, त्यांची टोकं गंजली की चाक फिरत नाही.

उघडल्यावर पहिलं काम स्प्रिंगमधला ताण हळूहळू उतरवायचा, कारण चावी भरलेलीच राहिली असेल तर एक स्क्रू सैल झाला तरी सगळी चाकं एकदम सुटतात आणि दाते मोडतात. मग सॉल्व्हंटने धुणं. जुनं तेल वाळून तपकिरी, लाखेसारखं झालेलं असतं, ते नुसतं धुऊन जात नाही, ज्या भोकात दांडीचं टोक फिरतं त्यात टोकदार लाकडी काडी घालून फिरवावी लागते, काडी काळी होऊन येते, टोक परत तासायचं, परत फिरवायची, काडी स्वच्छ येईपर्यंत. चिवट काम आहे पण निम्मी दुरुस्ती इथेच होते. नवं तेल टोकांवर सुईच्या अग्राएवढं, दात्यांवर बिलकुल नाही.

मग बॅलन्स व्हील, म्हणजे मागेपुढे झुलून वेळ राखणारं चाक, आणि त्याची केसाएवढी हेअरस्प्रिंग. मला ह्या सगळ्यातली ही सर्वात इंटरेस्टिंग गोष्ट वाटते, कारण ब्रिटिशांनी ह्या फ्यूजवर उपाय शोधला तो इथेच. ते बॉम्बला स्टेथोस्कोप लावून टिकटिक ऐकायचे आणि मग एक भलामोठा इलेक्ट्रोमॅग्नेट बाहेरून चिकटवायचे. घड्याळात स्टीलचे नाजूक भाग होते, ते जोरदार चुंबकीय क्षेत्रात अडकून बसायचे आणि घड्याळ थांबायचं, पण मॅग्नेट काढला की परत सुरू होऊ शकायचं, म्हणून काम संपेपर्यंत तो तसाच ठेवावा लागायचा. हेअरस्प्रिंगला थोडंसं जरी चुंबकत्व राहिलं तरी तिचे वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग जणू आखूड होते आणि घड्याळ पुढे पळतं. त्यामुळे आज दुरुस्त करताना टायमिंग मशीनवर (घड्याळाची टिकटिक ऐकून ते पुढे-मागे पळतंय का ते दाखवणारं यंत्र) असं वेडंवाकडं दिसलं तर आधी डीमॅग्नेटायझरने चुंबकत्व घालवायचं, मग बाकीचं निदान.

जर्मनांनी याच्यावरही उत्तर काढलं. 17 च्या खाली त्सुस 40 नावाचं उपकरण बसवायला लागले, वरचा फ्यूज उपसला की स्फोट. शिवाय कधी त्याच बॉम्बमध्ये दुसऱ्या खोबणीत 50 नंबरचा, हलवलं की पेटणारा फ्यूज. 12 मे 1941 ला लंडनजवळ एरिथच्या दलदलीत बॉम्ब निकामी करणारा ब्रिटिश सरदार अर्ल ऑफ सफोक, त्याची सेक्रेटरी आणि ड्रायव्हर मेले तो बॉम्ब असाच, 17 आणि 50 दोन्ही असलेला.

दोस्त राष्ट्रांचे (ब्रिटन-अमेरिकेचे) उशिरा फुटणारे बॉम्ब मात्र घड्याळावर नव्हते, त्यात अ‍ॅसिटोनने सेल्युलॉइडची चकती विरघळवायची असा हिशोब होता. जर्मनीत ओरानियनबुर्गच्या जमिनीत ते अजून सापडतात आणि ते जास्त वाईट, कारण थांबलेलं घड्याळ निदान थांबलेलं असतं (धक्का लागून सुटलं नाही तर!), सेल्युलॉइड मात्र आपोआप कुजत राहतं. 2010 ला ग्योटिंगेनमध्ये असाच एक बॉम्ब निकामी करायची तयारी चालू असताना फुटला आणि तीन जण गेले.

साफ केलेलं घड्याळ चाललं तर नेमकं किती चालवायचं, यावर माझं मत असं की थोडा वेळ चालवून बघावं, बीट (टिकटिकीचा वेग) मोजावी, आणि स्प्रिंग उतरवून ठेवून द्यावं. पितळ चकाचक पॉलिश करायला तर माझा विरोधच आहे, कारण प्लेटवरचे कारखान्याचे शिक्के आणि हत्यारांचे ओरखडे एकदा घासले गेले की परत येत नाहीत. आणि मारक पिन, विजेचा भाग वगैरे परत जोडायचं काही कारणच नाही, घड्याळ एकटंच फ्रेममध्ये ठेवा, बॉडी शेजारी.