कानात किर्र वाजणं वेगळं, ठोके पडणं वेगळं

"सर, पळलो का कान वाजून राह्यले." पोलीस भरतीची तयारी करणारं पोरगं असं म्हणालं की मैदानावर सगळेच डॉक्टर होतात. एक म्हणतो, पळणं बंद कर. दुसरा म्हणतो, लसूण कढवून कोमट तेल सोड. तिसरा म्हणतो, माझेही वाजतात, काही होत नाही. वाजतं म्हणजे नेमकं कसं वाजतं, हे मात्र कोणीच विचारत नाही.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात पोरांचं मैदान घेतो आणि माझे स्वतःचे कान अकरा वर्षांपासून वाजतात. हा घोळ इतक्यांदा ऐकला की आता एकदा नीट लिहून टाकतो.

पहिला प्रकार बहुतेकांना माहीत आहे. रातकिड्यासारखी किर्र, बारीक शिट्टी किंवा ट्रान्सफॉर्मरसारखी गुणगुण, एकसारखी चालू. बाहेर आवाज नसतोच. मोठ्या आवाजानं किंवा वयानं आतल्या कानातल्या नाजूक पेशी खराब होतात, तिथून मेंदूकडे जाणारी खबर कमी पडते आणि मेंदू ती पोकळी स्वतःच भरून काढतो. माझं कारण जिनिंगमधले, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यातले, तीन हंगाम. गावात अनेकांचं कारण थ्रेशर आणि वरातीतला डीजे.

दुसऱ्या प्रकारात ठोके असतात. हुस्‌-हुस्‌ किंवा धप्‌-धप्‌, हृदयाच्या तालावर. इथे बहुतेक वेळा शरीरात खरोखरच आवाज होत असतो: कानाजवळच्या नसांमधून रक्त वाहतं, त्याचा. रक्त कमी असणं, थायरॉईड, वाढलेलं बीपी, मानेतल्या धमनीचं अरुंद होणं, डोक्यातला दाब वाढणं, क्वचित कानाच्या पडद्यामागची रक्तवाहिन्यांची गाठ, अशी कारणं निघतात. पुष्कळदा ती शोधता येतात आणि बरीच बरीही होतात. म्हणून या दोघांना एकाच नावानं "कान वाजतात" म्हटलेलं मला अजिबात चालत नाही.

घोळ होतो तो व्यायामात, कारण व्यायामात दोन्ही वाढतात.

किर्र का वाढते? वजन उचलताना आपण दात आवळतो, मान ताठ करतो. जबड्याच्या आणि मानेच्या मज्जातंतूंचे धागे मेंदूत ऐकण्याच्या वाटेला जाऊन मिळतात, त्यामुळे नुसते दात घट्ट आवळले तरी अनेकांची किर्र बदलते. आत्ता करून बघा. श्वास कोंडून जोर लावला की डोक्यातला दाब क्षणभर चढतो, त्याचीही भर पडते. ही वाढ बहुधा थोड्या वेळानं उतरते आणि तिच्यानं ऐकू येणं कमी होत नाही. ठोके वाढतात ते वेगळ्या कारणानं: हृदय जोरात रक्त ढकलतं, प्रवाह वाढतो.

म्हणून "पळल्यावर वाढतं का?" या प्रश्नाचं उत्तर दोघांकडूनही "हो" येतं. विचारायचं ते तालाचं.

मागच्या हिवाळ्यात एक पोरगा १६०० मीटर संपवून गुडघ्यांवर हात टेकून उभा होता, कानात वाजतंय म्हणत. त्याला बांधावर बसवलं. त्याच्या मनगटावर मी तीन बोटं ठेवली आणि म्हटलं, "कानात जसं वाजते तसं दुसऱ्या हातानं मांडीवर वाजव. नाडीकडे लक्ष नको देऊ." त्यानं डोळे मिटले, हात उचलला आणि तसाच अधांतरी धरला. म्हणाला, "सर, वाजवता येत नाही, सलग आहे." किर्र होती. पाच मिनिटांनी नाडी बरीच खाली आली. त्याचा आवाज लहान झाला, संथ झाला नाही. आवाज लहान होणं आणि संथ होणं, हा फरक ज्याला कळला त्याला सगळं कळलं. ठोकेवाला माणूस मांडीवर वाजवतो, ते नाडीशी जुळतं, आणि नाडी मंदावली की त्याचा हातही मंदावतो.

एक खबरदारी. जोरात पळून आल्यावर किंवा उशीवर कान दाबून झोपल्यावर कोणालाही घटकाभर स्वतःचं हृदय ऐकू येतं, ते आजारपण नाही. बसल्या-बसल्या, विशेषतः एकाच कानात, दिवसेंदिवस ठोके ऐकू येत असतील तर दाखवायचं. आणि गळ्याची नस दाबून आवाज थांबतो का, असला प्रयोग घरी करू नका.

माझ्या वहिनीच्या उजव्या कानात वर्षभर हुस्‌-हुस्‌ होती. कापूस वेचून, पाणी भरून आली की जास्त. एका दवाखान्यात "कान वाजतात, सवय होईल" म्हणून परत पाठवलं. शेवटी रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ६.२. बाईचं १२ च्या खाली गेलं की रक्त कमी धरतात. उपचारानं रक्त वाढलं, हुस्‌-हुस्‌ गेली. तिचं ते एक वर्ष फुकट गेलं याचा मला अजूनही राग येतो. आपल्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही आहे, तेव्हा ठोके ऐकू येणाऱ्या बाईचं रक्त आधी तपासा.

किर्रवाल्यांनी व्यायाम सोडू नये. झोप सुधारते, ताण उतरतो आणि किर्रचा त्रास कमी वाटतो. उचलताना श्वास सोडा, जबडा सैल ठेवा. शीर्षासनानं वाढत असेल तर शीर्षासन नको, बाकीचं करा.

जिममधला दणदणाट मात्र मी सहन करत नाही. ८५ डेसिबलमध्ये आठ तास चालतं, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० ला फक्त १५ मिनिटं. आवाज कमी करायला सांगा, नाहीतर फोमचे इअरप्लग घाला. कापसाचा बोळा उपयोगाचा नाही, आवाज तो फारसा अडवत नाही. तेल तर नकोच, पडद्याला भोक असेल तर ते आत उतरतं. मोकळ्या रस्त्यावर पळताना प्लगही नको: पावलांचा आणि श्वासाचा आवाज डोक्यात घुमतो, मागून येणारा ट्रॅक्टर ऐकू येत नाही.

एका कानानं अचानक ऐकू येईनासं झालं, तर कान किर्र वाजो की ठोके, त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरकडे निघा. पहिले दोन-तीन दिवस मोलाचे असतात. ठोकेवाल्यांनी जाताना कोणता कान, कधीपासून, मान वळवल्यावर बदलतं का, हे लिहून न्या. "कान वाजतात" एवढंच सांगू नका. नाडीबरोबर वाजतं, असं सांगा आणि कानामागे स्टेथोस्कोप लावून ऐकायला सांगा. कधीकधी तो आवाज डॉक्टरलाही ऐकू येतो.