फ्रीडम फ्लाइट्स

क्यूबातील व्हारादेरो विमानतळावरून अमेरिकेतील मायामीला १ डिसेंबर १९६५ ते ६ एप्रिल १९७३ या काळात झालेली निर्वासितांची हवाई वाहतूक. स्पॅनिश नाव ‘व्हुएलोस दे ला लिबर्ताद’. ३,०४८ फेऱ्यांत सुमारे २ लाख ९७ हजार माणसे आली, म्हणजे फेरीमागे सरासरी ९७. अंतर सव्वातीनशे किलोमीटर, प्रवास साधारण तासाभराचा. त्यासाठीची प्रतीक्षा मात्र अनेकदा काही वर्षांची.

फ्लोरिडा-क्यूबा हवाई मार्ग तसा जुना. पॅन अमेरिकन कंपनीची नियमित टपालसेवा २८ ऑक्टोबर १९२७ रोजी की वेस्ट-हवाना याच मार्गावर सुरू झाली. फिदेल कास्त्रो यांना सत्तेवर आणणाऱ्या १९५९ च्या क्रांतीनंतर देश सोडणाऱ्यांनी सुरुवातीला नेहमीची प्रवासी विमानेच वापरली. डिसेंबर १९६० ते ऑक्टोबर १९६२ दरम्यान ‘पेद्रो पान’ मोहिमेत १४ हजारांहून अधिक मुले आईवडिलांविना याच विमानांनी अमेरिकेत पोहोचली. क्यूबातील सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून उद्भवलेल्या ऑक्टोबर १९६२ च्या पेचप्रसंगात ही सेवा थांबली. मग उरला तो तिसऱ्या देशातून जाण्याचा वळसा, नाहीतर होडी.

२८ सप्टेंबर १९६५ रोजी फिदेल कास्त्रो यांनी अमेरिकेत नातेवाईक असलेल्यांना कामारिओका बंदरातून जाण्याची मुभा जाहीर केली. खवळत्या समुद्रात लहान होड्यांची गर्दी झाली आणि ती दोन्ही सरकारांना परवडणारी नव्हती. हवानात अमेरिकेचे हितसंबंध सांभाळणाऱ्या स्विस दूतावासामार्फत नोव्हेंबरमध्ये करार झाला : महिन्याला ३ ते ४ हजार माणसे, तीही विमानाने. आठवड्यातून पाच दिवस, रोज दोन फेऱ्या ठरल्या. विमाने चार्टर केलेली (पूर्ण भाड्याने घेतलेली) होती आणि खर्च अमेरिकी सरकारचा होता, त्यामुळे प्रवासी एकाच दिशेने असल्याचा तोटा विमान कंपन्यांना सोसावा लागला नाही.

खरी अडचण विमानांची नव्हती, याद्यांची होती. अमेरिकेतले नातेवाईक नावे नोंदवत. क्यूबाकडे अर्जदारांची वेगळी यादी असे. दोन्ही जुळल्या तरच जागा. पती-पत्नी, आईवडील, अल्पवयीन मुले व भावंडे यांना प्राधान्य होते. लष्करी सेवेच्या वयातील पुरुषांना मात्र परवानगी नसे, त्यामुळे आई आणि बहिणी गेल्या, मुलगा मागे राहिला, असे घरोघरी झाले. अर्ज करणाऱ्याची नोकरी सहसा जाई आणि अनेकांना शेतमजुरीला धाडले जाई. घरातील सामानाची सरकारी मोजदाद होई. निघताना ती पुन्हा होई आणि एखादी वस्तू कमी भरली तर जाणे अडू शके.

मायामीत नोंदणी, वैद्यकीय तपासणी व मदत ‘फ्रीडम टॉवर’ या जुन्या वृत्तपत्र-इमारतीत होई. शहरावर भार पडू नये म्हणून अनेकांना न्यू जर्सीसारख्या इतर राज्यांत पाठवले गेले. कायमच्या वास्तव्याचा मार्ग १९६६ च्या क्यूबन अ‍ॅडजस्टमेंट अ‍ॅक्टने खुला केला.

याच वर्षांत अमेरिकी प्रवासी विमानांचे अपहरण करून ती हवानाला नेण्याचे प्रकार वारंवार घडत होते, म्हणजे एकाच सामुद्रधुनीवर दोन उलट दिशांची वाहतूक! फेब्रुवारी १९७३ मध्ये दोन्ही देशांनी अपहरणविरोधी समझोता केला, आणि त्यानंतर दोन महिन्यांच्या आत व्हारादेरोहून शेवटचे विमान उडाले.