लग्न दोघांचं, कर एकेकाचा

एप्रिल उजाडला की मुंबईतल्या कंपन्यांचे एचआर विभाग कर्मचाऱ्यांना विचारू लागतात: जुनी करप्रणाली (वजावटी मिळणारी) की नवी (दर कमी, पण बहुतेक वजावटी नसलेली)? नुकतंच लग्न झालेल्यांना त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न पडतो. आता दोघांनी मिळून एकच रिटर्न भरायचं का? न्यू जर्सीतल्या चुलतभावाने तसं सांगितलेलं असतं, आणि तिथलं म्हणून ते खरंही असतं. अमेरिकेत १९४८ पासून नवरा-बायकोचं उत्पन्न एकत्र करून, निम्मं-निम्मं धरून कर काढायची सोय आहे. ३१ डिसेंबरला तुम्ही विवाहित असाल, तर ते सबंध वर्ष विवाहिताचं.

आपल्याकडे ही सोय नाही. लग्नानंतरही ती एक करदाती आणि तो दुसरा करदाता. दोघांचे पॅन वेगळे, रिटर्न वेगळं, करप्रणालीची निवडही ज्याची त्याची. तिने आडनाव बदललं तरी पॅनच्या अर्जात वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचं नाव चालत नाही. ही व्यवस्था मला मोलाची वाटते. ती सहजासहजी मिळालेली नाही, म्हणून तिचा इतिहास ठाऊक असायला हवा.

ज्या इंग्रजांनी १८६० मध्ये आपल्याकडे आयकर आणला, त्यांच्या स्वतःच्या देशात पत्नीचं उत्पन्न कायद्याने पतीचं धरलं जाई. तिथे स्वतंत्र करआकारणी यायला १९९० साल उजाडावं लागलं. भारतात मात्र कर व्यक्तीवर किंवा हिंदू अविभक्त कुटुंबावर बसत होता. नवरा-बायको म्हणून वेगळं एकक कधीच नव्हतं. मग करदरांचे टप्पे चढू लागले तशी व्यापारी घरांमध्ये एक युक्ती रूढ झाली: पेढीत बायकोला नावापुरती भागीदार करायचं, नफा दोन नावांवर वाटायचा आणि वरच्या दरातून सुटायचं. १९३६ च्या आयकर चौकशी अहवालाने यावर नेमकं बोट ठेवलं आणि १९३७ मध्ये कायद्यात कलम १६(३) घुसवण्यात आलं. नवऱ्याच्या भागीदारीत बायकोला मिळणारा हिस्सा, तसंच पुरेशा मोबदल्याशिवाय त्याने तिच्या नावे केलेल्या मालमत्तेचं उत्पन्न त्याच्याच उत्पन्नात धरायचं, असं ते कलम. सीएच्या तोंडी ज्याला ‘क्लबिंग’ म्हणतात, त्याचा उगम हा.

तिचा स्वतःचा पगार, माहेरून आलेली मालमत्ता, तिचं स्त्रीधन यांना त्या कलमाने हात लावला नाही. पैसा नवऱ्याकडून आला असेल तरच कायदा त्याच्या मागे जाई. तरीही संशय एकाच दिशेचा होता. १९५७ मध्ये सोद्रा देवी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या कलमातल्या ‘व्यक्ती’चा अर्थ फक्त पुरुष असा लावला. बायकोने नवऱ्याला काही दिलं तर त्याचा विचारच त्यात नव्हता. १९६१ च्या कायद्यात कलम ६४ आलं, ‘जोडीदार’ हा शब्द आला आणि नियम दोन्ही बाजूंना सारखा झाला.

मधल्या काळात एक वेगळाच प्रयोग होऊन गेला. १९५५-५६ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी विवाहितांची करमुक्त मर्यादा १,५०० वरून २,००० रुपये केली आणि अविवाहितांची १,००० वर आणली. महाडजवळच्या नाते गावचे हे चिंतामणराव. मुंबईच्या प्रश्नावर पुढच्याच वर्षी त्यांनी मंत्रिपद सोडलं, म्हणून मराठी माणूस त्यांना ओळखतो. पण लग्न झालं म्हणून करात सूट देणारे अर्थमंत्रीही तेच. १९५३ मध्ये दुर्गाबाईंशी त्यांचा विवाह झाला होता, हा योगायोग वाचताना मला नेहमी हसू येतं. त्या दशकाच्या अखेरीस तर मुलांच्या संख्येनुसारही मर्यादा वाढत होती. पुढे हे भेद कायद्यातून गेले.

क्लबिंगच्या वाटेवरचा नव्या जोडप्यांसाठी सगळ्यात कामाचा निकाल १९६३ चा आहे. एका गृहस्थांनी लग्नाआधी वाग्दत्त वधूच्या नावे शेअर केले. त्यावरचा लाभांश आयकर खात्याने लग्नानंतर त्यांच्याच उत्पन्नात धरला. सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं नाही: मालमत्ता देताना आणि उत्पन्न मिळतानाही पती-पत्नीचं नातं असायला हवं. म्हणजे साखरपुड्यानंतर दिलेलं आणि लग्नानंतर दिलेलं यांत कायद्याने फरक आहे. अक्षता पडल्यानंतर नवऱ्याने बायकोच्या नावे एफडी केली, तर व्याज त्याच्या रिटर्नमध्ये दाखवावं लागतं. ते व्याज तिने पुन्हा गुंतवलं, की त्यावरचं उत्पन्न मात्र तिचं.

१९७५ च्या दुरुस्तीने आणखी एक दार बंद केलं. नवरा दंतवैद्य, स्वतःचा दवाखाना; बायको पदवी नसताना तिथली नोंदवही सांभाळते आणि पगार घेते. तो पगार त्याच्या उत्पन्नात धरला जाऊ लागला. तिच्याकडे तांत्रिक किंवा व्यावसायिक पात्रता असेल आणि पगार तिच्या त्या ज्ञानाचाच असेल, तर तो तिचा. सबंध दिवस राबूनही कागदावर पगार स्वतःचा नसावा, हे मला आजही अन्यायाचं वाटतं.

गोव्यात गोष्ट वेगळी आहे. तिथे पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्याने, विवाहापूर्वी वेगळा करार केला नसेल, तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक होते. आयकर कायद्यात १९९४ मध्ये आलेल्या तरतुदीनुसार (१९६१ च्या कायद्यातलं कलम ५अ) अशा जोडप्याचं पगाराखेरीजचं उत्पन्न दोघांत समान वाटलं जातं. गिरगावात किंवा वांद्र्यात राहणाऱ्या, पण या कायद्याखाली येणाऱ्या गोवेकर जोडप्यांनी ते आपल्या सीएला आठवणीने सांगावं.

स्त्रियांना काही वर्षं जास्त करमुक्त मर्यादा होती. २०१२ च्या अर्थसंकल्पाने ती संपवली. २०२० मध्ये नवी करप्रणाली आली आणि २०२३-२४ पासून, वेगळं काही न सांगितल्यास, तीच लागू होऊ लागली. त्यामुळे आज जोडप्यापुढची खरी निवड जुनी की नवी एवढीच, आणि तीही दोघांनी सारखीच करायला हवी असं नाही. भाड्याचं घर मुलुंडला असेल तर जुन्या प्रणालीत घरभाडे भत्त्यावरच्या (एचआरए) करसवलतीची एक मर्यादा मूळ वेतनाच्या ५० टक्के. पलीकडे ठाण्यात गेलं की ४०. घर दोघांच्या नावे आणि कर्जही दोघांचं असेल, तर राहत्या घराच्या व्याजापोटी प्रत्येकी २ लाखांपर्यंत वजावट, पण तीही जुन्यातच. एकाच्या नावावर भाडं आणि विमा जास्त असेल तर त्याने जुनी घ्यावी, दुसऱ्याने खुशाल नवी.

आता संयुक्त करआकारणीची मागणी पुन्हा जोर धरते आहे. सनदी लेखापालांच्या संस्थेनेही २०२५ च्या अर्थसंकल्पाआधी ती सुचवली होती. तक्रार खोटी नाही. २०२५-२६ च्या नव्या प्रणालीत दोघांचं करपात्र उत्पन्न १२-१२ लाख असेल तर कर शून्य. तेच २४ लाख एकट्याने कमावले तर उपकर धरून ३,१२,००० रुपये. एकट्याच्या पगारावर चालणाऱ्या घराला हे जाचणारच.

पण निम्मं-निम्मं वाटणी आली असं धरून हिशेब पुढे नेला, की दुसरी बाजू दिसते. नवऱ्याचे २४ लाख, बायको घरी, कर शून्य. मूल तीन वर्षांचं झालं आणि तिला ६ लाखांची नोकरी मिळाली. एकटीच्या नावावर त्या ६ लाखांवर आज एक पैसाही कर नाही. संयुक्त हिशेबात मात्र घराचं उत्पन्न ३० लाख होतं आणि कर शून्यावरून २,१८,४०० वर जातो. एकूण कर आजच्यापेक्षा कमीच असेल, हे खरं. तरी वाढलेला प्रत्येक रुपया तिच्या नोकरीच्या खात्यावर मांडला जाईल. त्यात पाळणाघर आलं, लोकलचा पास आला. मग घरातलं कुणीतरी अगदी प्रेमाने विचारणारच, “एवढ्यासाठी कशाला दगदग करतेस?” संयुक्त रिटर्नचा पर्याय मागणाऱ्यांनी आधी या प्रश्नाला उत्तर द्यावं.