सांभाळ एकाकडे, सही दुसऱ्याची: प्रतिपालकांच्या हक्कांची पार्श्वभूमी

फॉस्टर केअर म्हणजे जन्मदात्यांकडे राहू न शकणाऱ्या मुलाचा दुसऱ्या कुटुंबाने केलेला तात्पुरता सांभाळ. त्यात मुलाचं जेवण, शाळा, आजारपण सगळं प्रतिपालक, म्हणजे सांभाळणारं कुटुंब, पाहतं. पण शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर सहसा त्यांची सही चालत नाही. ती जन्मदात्यांची, ताबा असलेल्या यंत्रणेची किंवा न्यायालयाची लागते. ही विभागणी मुलांनी सोसलेल्या हालांतून आली आहे.

इंग्लंडमध्ये १६०१ च्या कायद्याने निराधार मुलांना शिकाऊ कामगार म्हणून परक्या घरी ठेवता येई: मुलगे २४ वर्षांपर्यंत, मुली २१ पर्यंत किंवा लग्नापर्यंत. त्यांच्या श्रमांवर घरमालकाचा हक्क असे. १८५४ पासून न्यूयॉर्कच्या चिल्ड्रन्स एड सोसायटीने मुलांना आगगाडीने खेड्यांतल्या कुटुंबांकडे पाठवलं. पुढे देखरेख मात्र फार तुटपुंजी होती.

देखरेख नसली की काय होतं, हे जानेवारी १९४५ मध्ये दिसलं. इंग्लंडच्या श्रॉपशायर परगण्यातल्या शेतघरात ठेवलेला बारा वर्षांचा डेनिस ओनील मारहाण आणि उपासमारीने दगावला. त्याला तिथे ठेवणारं प्रशासन एका गावचं, शेतघर दुसऱ्याच्या हद्दीत. जबाबदारी मधल्या मधे हरवली. १९४८ च्या चिल्ड्रन ॲक्टने प्रत्येक स्थानिक प्रशासनाला बालकांसाठी समिती आणि अधिकारी नेमणं बंधनकारक केलं. प्रतिपालकांवर कर्तव्यं आधी आली, हक्क बरेच नंतर.

हक्कांचा प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात १९७७ साली पोहोचला. मूल परत नेण्याआधी आमचं ऐका, ही प्रतिपालकांची मागणी. न्यायालयाने न्यूयॉर्कची तेव्हाची पद्धत पुरेशी ठरवली आणि हे नातं मुळात सरकारी व्यवस्थेतून व करारातून निर्माण होतं, यावर बोट ठेवलं. १९९७ च्या अमेरिकी कायद्याने प्रतिपालकांना सुनावणीची सूचना मिळण्याची आणि म्हणणं मांडण्याची सोय झाली. खटल्यातला पक्षकार हा दर्जा त्यातून आपोआप मिळत नाही. अनेकांची गफलत इथेच होते.

रोजच्या निर्णयांची अडचण त्याहून जाचक होती. सहल, खेळ, मैत्रिणीकडे मुक्काम, प्रत्येकाला परवानगी. २०१४ च्या अमेरिकी कायद्याने ‘समंजस पालक जे ठरवेल ते’ हा निकष आणून ही गाठ सैल केली. इंग्लंडमध्ये मूल वर्षभर प्रतिपालकांच्या घरी राहिलं असेल, तर स्थानिक प्रशासनाच्या संमतीविनाही ते विशेष पालकत्वासाठी, म्हणजे मुलाबाबतचे बहुतेक निर्णय स्वतः घेण्याचा अधिकार देणाऱ्या न्यायालयीन आदेशासाठी, अर्ज करू शकतात.

सुनावणीत भावना सांगून भागत नाही. दवाखान्याच्या भेटी, औषधं, शाळेची हजेरी आणि जन्मदात्यांच्या भेटीनंतरचं मुलाचं वागणं तारखेनिशी लिहिलेलं असेल, तर म्हणण्याला वजन येतं.